हातात ऑफर आहे, शोधही चालू आहे. रुजू व्हावं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. प्रश्न बहुतेकांचा सारखाच असतो. गोव्यात वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कंपनीत कायम नोकरी मिळतेय, पण मनासारखं काम अजून शोधतोय, नाहीतर सरकारी परीक्षेचा निकाल यायचाय. मग ही घ्यावी की थांबावं?

माझं उत्तर बहुधा ‘घ्या’ असंच असतं. अट एकच, पुढची नोकरी लागेल तेव्हा हिच्यातून वेळेत सुटता आलं पाहिजे. पगाराचा आकडा सगळेच बघतात. नोटीस पिरियडचं, म्हणजे राजीनाम्यानंतर किती दिवस काम करावं लागेल त्याचं, कलम मात्र फारसं कुणी वाचत नाही, आणि माणूस अडकतो तो तिथेच.

ऑफर लेटरमध्ये हे कलम शोधा. प्रोबेशनमध्ये (सुरुवातीच्या चाचणीच्या काळात) १५ किंवा ३० दिवस आणि कन्फर्म, म्हणजे कायम झाल्यावर ६० किंवा ९० दिवस, अशी त्याची साधारण रचना असते. नवी कंपनी ३० दिवस थांबते, ९० दिवस क्वचितच. म्हणजे तुमच्या शोधाला खरी मोकळीक प्रोबेशनच्या काळातच आहे. ‘लेखी कन्फर्म करेपर्यंत प्रोबेशन चालू राहील’ असं वाक्य असेल तर ते तुमच्या सोयीचं. सहा महिन्यांनी आपोआप कन्फर्म होणार असाल, तर ती तारीख आजच लिहून ठेवा. नोटीस न देता निघायचं झालं तर किती पैसे भरावे लागतील, ते बेसिकवर (मूळ पगारावर) धरणार की ग्रॉसवर (भत्ते धरून एकूण पगारावर), हेही आधीच विचारा. ग्रॉस २३ हजार आणि नोटीस दोन महिन्यांची असेल, तर ४६ हजारांचा प्रश्न आहे. बाँडवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडल्यास पैसे भरण्याच्या करारावर, सही मागत असतील तर रक्कम आणि मुदत नीट वाचा. मूळ सर्टिफिकेट मात्र कुणाच्याही ताब्यात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

लेटरहेड कुणाचं आहे तेही पाहा. काम मोठ्या कंपनीच्या प्लांटमध्ये आणि पत्र ठेकेदाराचं, असं आपल्याकडे सर्रास चालतं. तसं असेल तर ती त्या कंपनीची कायम नोकरी नव्हे.

आता पगार. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च. महिना २५ हजार सीटीसी म्हणजे हातात २५ हजार नव्हेत. बेसिक निम्मं, १२,५०० धरलं, तर कंपनीच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ १,५०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६०० त्यातच मोजलेले असतात. तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी १,५००. हातात उरतात २१,४०० च्या आसपास. बोनस आणि विमाही सीटीसीत धरला असेल तर आणखी कमी.

पण पैशांपेक्षा तासांचा हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. वाळपई किंवा पेडण्याहून वेर्ण्याला जाऊन-येऊन तीन-चार तास जातात. त्यात साडेआठ तासांची पाळी धरली की अभ्यासाला जेमतेम तासभर उरतो. पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील तर तेवढाही नाही. कंपनीची बस नेमकी कुठे थांबते, तिथपर्यंत पहाटे कसं पोचणार, हे रुजू होण्याआधी विचारा. हजाराने पगार कमी असला तरी घराजवळच्या तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतली जनरल शिफ्ट (रोज दिवसाची ठरलेली पाळी) शोध चालू असलेल्या माणसाला जास्त उपयोगी पडते.

सरकारी नोकरीसाठी घरी बसून राहणं मला अजिबात पटत नाही. गोवा कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात, संगणकावरची परीक्षा, निकाल, मग कागदपत्रं आणि मेडिकल. ऑर्डर हातात पडेपर्यंत बराच काळ जातो. खाजगी नोकरी करत असताना अर्ज करायला साधारणपणे कुणाची ना-हरकत लागत नाही. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मात्र आधी काढून ठेवा, आणि कोकणीची तयारी सोडू नका. कोकणी आवश्यक असते, मराठी येणं इष्ट.

दुसऱ्या कंपनीचा निकाल यायचा असेल तर मुदत मागा, पण तारीख घालून: ‘२० तारखेपर्यंत कळवतो.’ त्याच दिवशी दुसरीकडे फोन करून हातात ऑफर आहे आणि २० तारखेआधी उत्तर हवंय, हे स्पष्ट सांगा. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर तिथलं अजून काही ठरलेलं नाही असंच समजा.

महिनाभरात नोकरी सोडली आणि बायोडेटातून गाळली, हा मार्ग धरू नका. पीएफ कापला गेला असेल तर तुमच्या यूएएनच्या (पीएफच्या कायम खाते क्रमांकाच्या) नोंदीत ती नोकरी दिसते, आणि पुढच्या कंपनीला पडताळणीत सापडते. स्वतःहून सांगितलेलं बरं. निघताना रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) घ्या आणि पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख चढली की नाही ते तपासा.

ऑफर नाकारावी अशी वेळही येते. घरखर्च चार-सहा महिने निघण्यासारखा आहे, दुसरीकडच्या मुलाखतीची शेवटची फेरी झाली आहे, आणि इथे ९० दिवसांची नोटीस पहिल्या दिवसापासून आहे, तर नको म्हणा. फक्त रुजू व्हायच्या तारखेपर्यंत गप्प राहू नका. दोन ओळींचा ईमेल आठवडाभर आधी गेला, तर ती जागा यादीतल्या पुढच्या मुलाला किंवा मुलीला मिळते.