तंबू, नीर डोसा आणि ससिहित्लूच्या लाटा

आज अंगातला एकही स्नायू गप्प बसायला तयार नाही, पण मजा आली राव!

मत्स्यगंधा एक्स्प्रेसच्या स्लीपरने सुरतकल, तिथून बस आणि रिक्षा करत ससिहित्लू. शांभवी आणि नंदिनी या नद्या समुद्राला मिळतात तिथली, मंगळूरच्या उत्तरेची ही वाळूची पट्टी. इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही सर्फिंगची स्पर्धा इथे झालेली आहे. आमचं सर्फिंग मात्र आजवर यूट्यूबपुरतंच. हॉटेल परवडणारं नव्हतंच. एका अण्णांना विचारून त्यांच्या वाडीत तंबू ठोकले. त्यांची एकच अट, माडाखाली झोपायचं नाही, नारळ पडतात.

वाचलेले सगळे पैसे बोर्ड आणि शिकवणाऱ्यावर घातले. आधी वाळूवर पालथं पडून झटक्यात उभं राहायचा सराव, मग कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसाळ लाटेवर. शिकाऊ माणसाला लांब, जाड फोमचा बोर्ड देतात. तो छान तरंगतो आणि डोक्यात बसला तरी टाळकं फुटत नाही (पश्याने खात्री करून घेतली). नजर पायांकडे गेली की सरळ पाण्यात. किनाऱ्याकडे बघत राहिलं तर दोन-तीन सेकंद उभं राहता येतं, आणि तेवढ्यात आपण कोण लागून गेलो असं वाटतं! नदीच्या मुखाकडे मात्र फिरकायचं नाही, ओहोटीला तिथे भयंकर ओढ असते.

सकाळी नीर डोसा, संध्याकाळी गरमागरम गोळी बजे, म्हणजे मैद्याची गोल भजी. बोर्डवर घासून पोट सोलवटलंय, तेव्हा जाणाऱ्यांनी घट्ट टीशर्ट न्या. आणि सम्याला तंबू निवडायला देऊ नका. हवा आत येत नाही, डास येतात.