टबातलं ड्रीप

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

हाताला अजून ब्लीचचा वास येतोय, तीनदा धुतले तरी. आख्खा दिवस बाथरूममधे गेला आणि सगळं सुरू झालं ते लेकीमुळे, तिला म्हणे आजोबांना बबल्स दाखवायचे होते. हे घर घेतलं तेव्हा तो जेटवाला टब बघून मीच हरखले होते, खोटं कशाला बोलू. घर १९९८ चं, टब पण तेव्हाचाच, सहा जेट, काठावर हवेच्या दोन गोल खुंट्या, एक बटण. चार वर्षांत आम्ही तो पाच-सहा वेळा वापरला असेल, एरवी त्यात लाँड्रीची बास्केट आणि वाळत घातलेले स्वेटर. तर आज पोरीने बटण दाबलं आणि पाण्यात काळे पापुद्रे तरंगायला लागले. चहा गाळल्यावर गाळण्यात पत्ती उरते ना, थेट तसे. मधेमधे गुलाबीसर चिकट काहीतरी. आई दारातूनच "अगं बाई, शी!" म्हणाली, लेक रडायला लागली आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

कारण वरून टब लखलखीत आहे हो. दर पंधरा दिवसांनी पुसते मी.

मग नवरा मदतीला धावला. त्याने काय करावं, तर भांडी घासायचं लिक्विड ओतलं आणि जेट चालू केले. दोन मिनिटांत फेस काठावरून खाली, मग मॅटवर, मग बेडरूमच्या कार्पेटपर्यंत. लेकीचं रडू थांबलं एवढाच फायदा. (या टबात कमी फेसाचं काहीतरी लागतं, म्हणजे डिशवॉशर मशीनची पावडर, हे ज्ञान आम्हाला कार्पेट पुसता पुसता गूगलवर मिळालं.)

तोपर्यंत अण्णा, माझे वडील, हॉलमधून उठून आले. तासगावात तीस वर्षं द्राक्षबाग केलेला माणूस, इथे टेक्सासला आमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले आणि बिचाऱ्यांना हाताला काम नाही, बाल्कनीतल्या तुळशीला दिवसातून चारदा बघून येतात. फेसाकडे त्यांनी बघितलं पण नाही. विचारलं काय, तर "मोटर कुठाय हिची?"

मला माहीतच नव्हतं. टबाच्या बाजूला एक पॅनल आहे, त्याचे स्क्रू काढले तर आत मोटर, तिच्यातून निघालेला पांढरा पीव्हीसी पाइप टबाला वळसा घालून गेलेला, प्रत्येक जेटला एक फाटा, आणि हवेच्या बारीक नळ्या वेगळ्या. अण्णा पालथे पडून टॉर्च मारत पाच मिनिटं बघत राहिले आणि मग आतूनच आवाज आला, "आगं ही तर ड्रीपची लाईन हाय की गं! पाणी सोडलं तरी नळीत थोडं ऱ्हातंयच. त्यात शेवाळ धरलंय. वरनं घासून काय उपेग?"

आणि तसंच आहे ते. टब रिकामा झाला तरी पाइपाच्या खोलगट भागात पाणी साचून राहतं, त्यात साबण, अंगाचं तेल, आमच्या घरचं खोबरेल, लेकीचं ते जांभळं बाथ बॉम्ब, अंधार, ऊब. जंतूंना अजून काय पाहिजे? ते पाइपाला आतून बुळबुळीत थर धरतात आणि पुढच्या वेळी जेटच्या जोराने त्याचे तुकडे सुटून बाहेर येतात. नुसतं घाणेरडं दिसतं एवढ्यावर भागत नाही, कोमट साचल्या पाण्यात लीजनेला नावाचा जंतू वाढतो आणि तुषारांमधून फुप्फुसात जातो. १९७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनाला आलेली माणसं न्यूमोनियाने पटापट आजारी पडली, त्याच्या तपासात तो सापडला, म्हणून हे नाव. हे वाचल्यावर मी पोरीला बाथरूमच्या बाहेरच काढलं.

अण्णांचा हुकूम सुटला. क्षार वेगळा, शेवाळ वेगळं. क्षाराला ॲसिड, शेवाळाला क्लोरीन. आणि दोन्ही एका टायमाला न्हाई. बागेत ते हेच करायचे, लॅटरल, म्हणजे ठिबकच्या बारीक नळ्या, तुंबल्या की एकदा ॲसिड सोडून रात्रभर तसंच ठेवायचं, लिटमस पेपर लावून बघायचं, दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोकं उघडून फ्लश, आणि ब्लीचिंग पावडरची पाळी वेगळी. मी लहानपणी त्या टोकातून निघणारं तांबडं-काळं पाणी बघायला पळायचे, आज बाथरूममधे तोच रंग.

तर पाळी पहिली, क्लोरीन. सगळ्यात वरच्या जेटच्या तीन बोटं वर येईल इतकं गरम पाणी, दोन मोठे चमचे डिशवॉशर पावडर, अर्धा कप ब्लीच, हवेच्या खुंट्या बंद म्हणजे जोर सगळा पाण्याच्या पाइपातच राहतो, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, पंधरा मिनिटं मोटर. पाच मिनिटांत पाणी कोरा चहा झालं. एवढ्यात आई स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली घेऊन आली, "हे पण घाल की गं थोडं, डाग चांगले निघतात," आणि झाकण उघडलेलं! अण्णा एवढ्या जोरात ओरडले की नवरा खालून धावत आला. ब्लीचमधे ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममधे जीवावरचं काम आहे ते. आई जरा रुसली. मग म्हणाली, ओरडायला काय झालं, नीट सांगता येत नाही का. तेही खरंच.

मग टब रिकामा, गार पाण्याने भरला, दहा मिनिटं फिरवला, रिकामा. परत भरला. अजून पापुद्रे. परत. एकेका वेळी सत्तर गॅलन, म्हणजे २६५ लिटरच्या आसपास, आणि अण्णांच्या तोंडाकडे बघवेना. टँकरचं पाणी विकत घेऊन बाग जगवलेली त्यांनी. आणि इथे सॅन अँटोनियोत तरी कुठे पाणी उतू चाललंय, दुष्काळाचे निर्बंध लागले की स्प्रिंकलर आठवड्यातून एकदाच, ते पण घर नंबराप्रमाणे वार ठरलेला. टीव्हीवर हवामानाबरोबर एडवर्ड्स ॲक्विफरची, म्हणजे जमिनीखालच्या पाणीसाठ्याची, पातळी सांगतात, जे-१७ नावाची एक विहीर आहे तिच्यावरून. अण्णांना इंग्रजी बातम्यांतलं तेवढं बरोबर कळतं, जेवताना रोज विचारतात, आज विहीर किती?

रविवार

आज ॲसिडची पाळी, म्हणजे आपलं पांढरं व्हिनेगर. इथलं पाणी चुनखडीच्या खडकातून येतं, नळाच्या तोंडाला सुद्धा पांढरी पुटं चढतात. टब भरून चार कप व्हिनेगर, मोटर थोडी फिरवून बंद, आणि तासभर तसंच. अण्णा म्हणाले रात्रभर ठेव, मी म्हटलं अण्णा, रबरी सील आहेत आत, तुमची बाग नाही ही.

जेटची तोंडं डावीकडे फिरवली की निघून येतात, हे आजच कळलं. पहिलं निघता निघेना, जुनं टॉवेल गुंडाळून पिळलं तेव्हा कुठे टक् करून सुटलं. आत बोट घातलं तर पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर असतं ना, तसं बुळबुळीत, आणि त्याखाली खरखरीत चुना. सहाच्या सहा तोंडं वाडग्यात व्हिनेगर घालून बुडवली आणि आईला जुना टूथब्रश दिला. ती इकडे येताना बॅगेत पितांबरीची दोन पाकिटं घेऊन आलीय, तिला टबच घासून काढायचा होता त्याने. नाही म्हटलं. ॲक्रिलिक आहे, तांब्याचा बंब नाही, एकदा चरे पडले की त्याच चऱ्यांत घाण बसते. तारेची घासणी पण नको. मग ब्रश घेऊन बसली पाटावर, एकेक तोंड देवाच्या उपकरण्यासारखं चकचकीत केलं तिने, कालचं रुसणं पण गेलं त्यात.

पाणी ओढून घेणारी जी जाळी असते खाली, ती काढून आतले केस साफ केले (किती केस! सगळे माझेच) आणि लगेच परत घट्ट बसवली. ती नसताना मोटर अजिबात चालू करायची नाही, लांब केस ओढले जातात आत. पोरीला बजावून ठेवलंय, पाण्यात डोकं बुडवायचं नाही आणि केस वर बांधायचे.

दुपारी अण्णांना जकूझीची, म्हणजे असले टब काढणाऱ्या घराण्याची, गोष्ट सांगितली. इटलीहून कॅलिफोर्नियात आलेले सात भाऊ, आधी विमानाचे पंखे करायचे, १९२१ मधे त्यांचं विमान पडलं, एक भाऊ गेला, मग तो नाद सोडून शेतीच्या विहिरींचे जेट पंप करायला लागले. पुढे त्यातल्या कँडिडोच्या मुलाला संधिवात झाला, तर कँडिडोने घरच्या टबात ठेवता येईल असा पंप बनवला, आणि टबातच जेट बसवलेलं मॉडेल १९६८ चं. अण्णा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले.

"म्हंजे शेतीचाच पंप न्हाणीत आणलाय की ह्यांनी."

हो की.

मंगळवार

टबाच्या कडेची काळी बुरशी काही गेली नाही. सिलिकॉनवर ब्लीचमधे भिजवलेले पेपर टॉवेल रात्रभर दाबून ठेवले, वरची गेली, आतली जशीच्या तशी. शेवटी ब्लेडने सगळी पट्टी कापून काढली आणि नवीन भरली. भरताना आधी टब पाण्याने भरून ठेवायचा, वजनाने तो जरा खाली बसतो आणि फट पूर्ण उघडते, नाहीतर पहिल्या आंघोळीलाच पट्टी फाटते. ते पाणी चोवीस तासांनी अण्णांनी बादल्यांनी खाली नेऊन झाडांना घातलं, बारा खेपा, नवऱ्याला घेऊ दिल्या नाहीत.

आज सकाळी म्हटलं अण्णा, आता तुम्हीच पहिले बसा. बराच वेळ पाण्याचाही आवाज नाही आणि मोटरचाही नाही, म्हणून दार वाजवलं.

"झाली माझी," आतून आवाज आला.

टबात बादली होती, तांब्या होता, आणि जेमतेम टाचा भिजतील एवढं पाणी.