चौघांचा हात आणि एकटीचं ताट

आधीच सांगते, मला स्वयंपाक येत नव्हता वगैरे असं काही नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातली वीस तरी चौघांसाठी रोज दोन वेळा रांधलंय. त्यामुळे आधी मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला, मग मुलगी शिकायला गेली आणि लगेच सहा महिन्यांत नवऱ्याची दोन वर्षांसाठी बदली झाली तेव्हा सगळ्या मैत्रिणी एका सुरात म्हणाल्या, मज्जा आहे बाई तुझी, आता काय एकटीचंच तर करायचं. मलाही तसंच वाटलेलं. खोटं कशाला बोलू.

पहिल्याच आठवड्यात कळलं की डोक्याला माहितीये आपण एकटे आहोत पण हाताला माहीत नाहीये. हात आपला डब्यात जातो आणि चौघांचे तांदूळ काढतो. डाळ पण तशीच. कांदे दोन चिरून झाल्यावर लक्षात येतं की अरे, हे कोण खाणार. मग तो भात आणि ती डाळ तीन दिवस सकाळ संध्याकाळ खायची, चौथ्या दिवशी ते पातेलं बघूनच जीव नको नको व्हायचा आणि मग ब्रेडला काहीतरी लावून ओट्यापाशी उभ्या उभ्या खाऊन मोकळी. नंतर नंतर तर इन्स्टंट नूडल्सची पाकिटं. जवळजवळ दोन महिने हेच चाललं. मुलगी रोज व्हिडिओ कॉलवर विचारायची आई काय जेवलीस, मी काहीतरी ठोकून द्यायचे, शेवटी एक दिवस ती म्हणाली आई तू कालपण हेच सांगितलं होतंस, आणि परवापण. पकडली गेले.

मग तिनेच सल्ला दिला की सोप्पं आहे, प्रत्येक गोष्टीला चारने भाग. इंजिनियरिंगला आहे ना ती. मी भागलं. चौघांना दोन कप तांदूळ आणि चार कप पाणी घ्यायचे, तर आता अर्धा कप तांदूळ आणि एक कप पाणी, तेच पातेलं, तोच गॅस. खाली करपलं आणि वर कच्चं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मला खरंच रडू आलं, म्हणजे वीस वर्षं भात लावणाऱ्या बाईला भात जमेना!

नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं की गणित चुकलं नव्हतं पण वाफेला गणित कळत नाही. तांदूळ जेवढं पाणी शोषतो ते तांदळाच्या प्रमाणात असतं, ते चारने भागलं तरी चालतं. पण वाफ होऊन जे पाणी उडून जातं ते पातेल्याच्या तोंडावर, झाकण नीट बसतं की नाही त्यावर आणि किती वेळ शिजतंय त्यावर असतं. चौघांचा असो की एकटीचा, त्याच पातेल्यातून साधारण तेवढीच वाफ जाणार. चार कपातून थोडं उडालं तर फरक पडत नाही, एका कपातून तेवढंच उडालं तर तळ कोरडा. मग काय, सगळी मोठी पातेली आणि तो मोठा तवा माळ्यावर टाकला आणि दोनच भांडी खाली ठेवली, एक वीस सेंटिमीटरचा जाड बुडाचा पॅन आणि एक छोटं पातेलं, दोन्हीला घट्ट बसणारी झाकणं. पाणी चारने भागलेल्या हिशोबापेक्षा तीन चार चमचे जास्त घालते. त्या दिवसापासून भात एकदाही करपला नाही. बरं एकदा करपला, पण तेव्हा मी फोनवर होते.

हाताची सवय मोडायला मात्र वजनकाटाच घ्यावा लागला. एका माणसाला साधारण ७५ ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो, शिजून तो दोनशे ग्रॅमच्या वर जातो. एवढुसे दाणे बघून मला वाटलं हे काय चिमणीला आहे का, पण पोट भरलं. मग एका वाटीत ७५ ग्रॅम मोजून टाकले आणि आतून नेलपॉलिशने... नाही नाही, आतून नाही, स्टीलच्या वाटीत आत नेलपॉलिश कोण लावतं, एक काचेचा छोटा ग्लास घेतला आणि त्याला बाहेरून लाल रेघ मारली. आता हात कितीही चौघांचा असला तरी रेघेपाशी थांबतो.

मिठाचं वेगळंच दुखणं. मोठ्या पातेल्यात चिमूटभर इकडे तिकडे झालं तर खपून जातं, एका वाटीत तीच चिमूट म्हणजे घास तोंडात धरवत नाही. त्यामुळे आता अर्धं मीठ सुरुवातीला आणि बाकीचं चाखून शेवटी. अंड्याच्या बाबतीत मुलगी म्हणाली रेसिपीत दोन असतील तर अर्धं घे, फेटून वजन कर, बिनकवचाचं अंडं साधारण पन्नास ग्रॅम असतं तर तू पंचवीस घे. मी म्हटलं बाई, अर्ध्या अंड्यासाठी मी काटा काढणार नाही. एक अख्खं घेते आणि बाकीचं सगळं त्याच्या मापाने करते.

पण खरा घोळ भांड्यांचा किंवा मापाचा नव्हताच. खरा घोळ अर्ध्या वस्तूंचा. एकट्या माणसाच्या फ्रिजमध्ये सगळं अर्धं असतं, अर्धा कांदा, अर्धा कोबी, टोमॅटो प्युरीचा अर्धा डबा, आणि ते अर्धं तिथेच मागे सरकत सरकत जाऊन एक दिवस बुरशी धरतं. मी आठवडाभराचा मेनू लिहून बघितला, दोन दिवस पाळला. मला ते जमत नाही, शाळेचं वेळापत्रक वाटतं. मग एकच नियम केला, काहीही चिरायच्या आधी त्याचं दुसरं अर्धं कुठे जाणार ते मोठ्यांदा बोलायचं. हो, एकटीच बोलते. कोबी घेतला की म्हणायचं, आज हा मोठ्या आचेवर अंड्याबरोबर, उद्या बटाट्याच्या सूपमध्ये, परवा कच्चा बारीक चिरून मीठ लिंबू लावून. तिसरं ठिकाण सुचलं नाही तर अख्खा कोबी आणायचाच नाही, दुसरी छोटी भाजी आणायची.

प्युरीचं काम तर फारच सोपं झालं. डबा फोडला की लागेल तेवढी वापरते आणि उरलेली बर्फाच्या ट्रेमध्ये, गोठली की चौकोन काढून पिशवीत. एकटीच्या वाटणीला दोन तीन चौकोन पुरतात. आलं लसूण वाटून तसंच. शिजलेली डाळ, बीन्स वगैरे मात्र पिशवीत भरून आडवी चपटी गोठवते, वहीसारखी, म्हणजे लवकर सुटते आणि उभी रचता येते. आधी मी डब्यात गोठवायचे आणि मग तो दगड घेऊन अर्धा तास बसायचे.

आणि ब्रेड! वीस वर्षं मी ब्रेड फ्रिजमध्ये ठेवत आले कारण माझी आई ठेवायची. फ्रिजच्या थंडीत ब्रेडमधला स्टार्च उलट लवकर कडक होतो, म्हणजे बाहेरपेक्षा तिथे तो लवकर शिळा लागतो. चौघं असताना पाकीट दोन दिवसांत संपायचं म्हणून कधी जाणवलंच नाही. आता आणल्या आणल्या स्लाइस सुटे करून फ्रीजरमध्ये, हवे तेवढे दोन काढायचे आणि थेट टोस्टरमध्ये. एवढी साधी गोष्ट पण त्या एका गोष्टीने माझं ब्रेड फेकणं बंद झालं.

उरलेल्या भाताबद्दल जरा गंभीरपणे सांगते कारण हे मला खरंच माहीत नव्हतं. रात्रीचा भात ओट्यावर तसाच झाकून ठेवायचा आणि सकाळी गरम करून खायचा हे मी कितीतरी वेळा केलंय. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू असू शकतात, ते शिजवल्यावरही टिकतात, आणि भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढून विष तयार करू शकतात. ते विष परत गरम केल्याने जाईलच असं नाही. म्हणजे वाफ येईपर्यंत गरम केला म्हणजे झालं, हा माझा समज साफ चुकीचा. आता भात उरला की ताटात पसरून पटकन गार करते आणि लगेच फ्रिजमध्ये, दोन तास हे तर अगदी टोक झालं, आणि दुसऱ्या दिवशी संपवते. बाकीचं शिजवलेलं तीन दिवसांच्या वर ठेवत नाही. बरं, फ्रिजमधल्या गार भाताचा फायदाही आहे, दाणे कोरडे सुटे झालेले असतात त्यामुळे फ्राइड राइस ताज्या भातापेक्षा चांगला होतो. ताज्या भाताचा केला तर गिचका.

आता चवीचं. इथे मला खरा धक्का बसला, चांगल्या अर्थाने.

एक दिवस मश्रूम आणले, दीडशे ग्रॅम असतील, छोट्या पॅनमध्ये एका थरात पसरले, तेवढ्यात दार वाजलं म्हणून गेले, चार मिनिटांनी आले तर खालच्या बाजूने मस्त तपकिरी झालेले आणि असा वास की बस. मी आयुष्यात असे मश्रूम केले नव्हते. माझे नेहमी पाणी सुटून राखाडी लिबलिबीत व्हायचे आणि मुलं नाकं मुरडायची, आणि मला वाटायचं मश्रूमच तसे असतात. कारण काय, तर चौघांचे अर्धा किलो मश्रूम मी एकाच पॅनमध्ये कोंबायचे आणि वर सारखं ढवळायचे. एवढी गर्दी झाली की सुटलेलं पाणी उडून जायला जागा नसते, आणि पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या वर जात नाही. तो तपकिरी रंग आणि ती चव यायला साधारण एकशे चाळीस अंशांच्या पुढे जावं लागतं. त्याला मायार रिॲक्शन म्हणतात, लुई कामी मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलेली. म्हणजे इतकी वर्षं मी भाज्या परतत नव्हते, वाफवत होते. आणि एकटीसाठी करताना पॅनमध्ये गर्दी होतच नाही, हा फायदा मला कुठल्याच मैत्रिणीने सांगितला नव्हता.

मग वेडच लागलं. फ्लॉवर, बीन्स, चिकनचे तुकडे, पनीर, सगळं एका थरात, कोरडं पुसून, आणि हात बांधून उभं राहायचं, ढवळायचं नाही. हेच सगळ्यात अवघड. झालं की पॅनला जे तपकिरी चिकटलेलं असतं त्यावर दोन तीन चमचे पाणी टाकून खरवडायचं आणि लिंबू पिळायचं, तोच सॉस. आधी मी ते घासणीने घासून टाकायचे, अरेरे.

माझं हक्काचं जेवण सांगते, दमून आल्यावरचं. एक मध्यम बटाटा पातळ चकत्या करून त्याच पॅनमध्ये तेलावर, मीठ, झाकण, मंद आचेवर आठ दहा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. मऊ झाल्या की अर्धा कांदा उभा चिरून (दुसरा अर्धा उद्या डाळीत, मोठ्यांदा बोलून झालंय), झाकण काढून आच वाढवायची म्हणजे रंग येतो, मग दोन अंडी फोडून वर मिरपूड आणि परत झाकण तीन चार मिनिटं, पांढरं घट्ट होईपर्यंत. पॅनमधूनच खाते, पण आता टेबलावर बसून. एक भांडं, एक काटा.

मसूर डाळ मात्र मुद्दाम दोघांची करते, सव्वाशे ग्रॅम, भिजवायची गरज नाही, वीस मिनिटांत मऊ, प्युरीचे चौकोन आणि लसूण घालायचा, एक वाटी आज आणि एक चपटी होऊन फ्रीजरमध्ये. अंडी बटाटे कधीच जास्तीचे नाही, ते परत गरम करून चांगले लागत नाहीत. आणि हो, उकडलेलं अख्खं अंडं मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. मी केलं. फुटलं. छताला लागलेला बलक काढायला स्टूल लागलं, आणखी काही सांगत नाही.

सगळं छान चाललेलं आणि गेल्या महिन्यात तिघंही एकदम चार दिवसांसाठी घरी आले. पहिल्या रात्री मी हौसेने सगळं केलं, मश्रूम दोन खेपांमध्ये भाजले, मुलाने दोनदा घेतले, आणि मग तो भाताच्या भांड्यात डोकावून म्हणाला, आई भात एवढाच? नवरा काही बोलला नाही पण त्यानेपण डोकावून बघितलं. हाताने आपला लाल रेघेपर्यंत एक ग्लास घातला होता. एक! मुलगी एवढी हसली की तिला ठसका लागला. मग फ्रीजरमधले ब्रेडचे स्लाइस निघाले आणि चपट्या डाळीच्या दोन पिशव्या, ते भाजून गरम होईपर्यंत सगळे ओट्यापाशी उभेच खात होते.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून मोठं पातेलं काढलं, रेघेपर्यंत चार ग्लास तांदूळ मोजले. मुलगी शेजारी उभी होती, म्हणाली मग पाणी पण आता चौपट ना? मी म्हटलं, नाही, त्यापेक्षा जरा कमी, बस इथे, सांगते.