आरव्हीतला टीव्ही आणि केबलवाल्याचा प्रश्न

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी हिवाळ्यात मुक्कामाला आले, की वेचणीतून सवड काढून भेटायला येणाऱ्या बायाबापड्यांच्या चौकश्यांत हल्ली आरव्हीचा विषय सर्वांत पुढे असतो, कारण आई-बाबा माझ्याकडे अमेरिकेत येऊन त्या गाडीतून फिरून गेले आणि परत आल्यावर त्यांनी तिचे वर्णन गावभर केले. स्वयंपाकाचा ओटा, पलंग, न्हाणीघर आणि शौचालय असलेली, स्वतःचे इंजिन असलेली किंवा ट्रकच्या मागे ओढून न्यायची ही गाडी. तिच्यात पाण्याची टाकी असते हे लोकांना चटकन पटते, टीव्हीचे कोडे मात्र सुटत नाही. "काय वं पोरी, रोज गाव बदलवता, मंग केबलवाला कुठून येते तिथं?" असे शेजारच्या काकूंनी मला विचारले आणि त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. आरव्हीत टीव्ही पाहण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. पण त्यांपैकी कोणता चालेल, हे गाडीत किती महागडे यंत्र बसवले आहे यापेक्षा रात्रीचा मुक्काम कुठे पडला यावरच अधिक ठरते.

यातला सर्वांत जुना आणि फुकटचा मार्ग अँटिनाचा आहे. आपल्याकडे टिनाच्या छपरावर चढून पाइप फिरवायचा आणि "आता आलं का?" म्हणून खाली ओरडायचे, ते दिवस संपले, दूरदर्शनने २०२२ पर्यंत मोक्याची थोडी ठिकाणे वगळून आपली जमिनीवरील जुनी प्रक्षेपण केंद्रे बंद केली. अमेरिकेत मात्र हवेतून येणारा टीव्ही आजही व्यवस्थित चालू आहे. १२ जून २००९ रोजी तेथील पूर्ण क्षमतेच्या सर्व केंद्रांनी जुने ॲनालॉग प्रक्षेपण थांबवून डिजिटल प्रक्षेपण स्वीकारले, आणि तेव्हापासून एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स आणि पीबीएस या तिथल्या मोठ्या वाहिन्यांची स्थानिक केंद्रे, तसेच त्याच लहरींवर बसवलेली त्यांची उपचॅनल, एक पैसाही न देता स्वच्छ दिसतात. लहर कमी पडली तर पूर्वीसारख्या पडद्यावर मुंग्या येत नाहीत. चित्राचे चौकोनी तुकडे होतात आणि लगेच पडदा कोरा होतो.

अनेक आरव्हींच्या छतावर वटवाघळाच्या पंखांच्या आकाराचा अँटिना आडवा निजवलेला असतो. आत छताला एक हँडल असते. ते फिरवत राहिले की अँटिना वर उभा राहतो, आणि मग हँडलभोवतीची चकती खाली ओढून धरून त्याचे तोंड शहराच्या दिशेला वळवायचे असते. टीव्हीजवळच्या भिंतीवर बूस्टरचे एक बटण असते आणि ते दाबल्यावर बारीकसा दिवा लागतो. त्यानंतर टीव्हीवर चॅनल शोधायला लावायचे, आणि हे काम प्रत्येक नव्या मुक्कामी पुन्हा करायचे, कारण कालच्या गावाची केंद्रे आजच्या गावात नसतात. कॅन्सस किंवा नेब्रास्काच्या सपाट मुलखात पन्नास मैलांवरील, म्हणजे ऐंशी किलोमीटर दूरचे केंद्रही सहज पकडता येते, तर रॉकी पर्वताच्या खोऱ्यात त्याच अँटिनाला काहीही सापडत नाही. निघताना अँटिना खाली घेणे विसरले, तर पहिल्याच फांदीला तो मोडतो, म्हणून कित्येक लोक स्टिअरिंगला आठवणीची चिठ्ठी अडकवून ठेवतात. वर-खाली न करावे लागणारे, चहूबाजूंनी लहरी घेणारे गोल अँटिनेही मिळतात. त्यांची झेप कमी असते, पण रोज मुक्काम हलवणाऱ्याला ते सोयीचे पडतात.

अँटिना मी पहिल्या क्रमांकावर ठेवते ते करमणुकीसाठी नव्हे. आई-बाबा विदर्भातील ऊन टाळायला मे महिन्यात आले होते (मृगाच्या आत परत जायचे, ही बाबांची अट होती), आणि मे महिना म्हणजे अमेरिकेच्या मधल्या मैदानी राज्यांत टोर्नेडोंचा, म्हणजे ढगातून जमिनीला टेकणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळांचा, ऐन हंगाम. अशा संध्याकाळी स्थानिक केंद्र चालू कार्यक्रम बाजूला सारून फक्त हवामान दाखवते. पडद्याच्या कोपऱ्यात आपल्या तालुक्यांसारख्या काउंट्यांचा नकाशा असतो, आणि जिथे इशारा लागू झाला असेल तो भाग रंगवलेला असतो. यात 'वॉच' म्हणजे वादळ होण्याजोगी स्थिती, आणि 'वॉर्निंग' म्हणजे वादळ रडारवर किंवा प्रत्यक्ष डोळ्यांना दिसलेले, तेव्हा ताबडतोब आसरा घ्यावा. मोठीच्या मोठी आरव्हीसुद्धा अशा वाऱ्यापुढे टिकत नाही, म्हणून कॅम्पग्राउंडच्या, म्हणजे आरव्ही लावायच्या तळाच्या, पक्क्या बांधकामाच्या न्हाणीघरात किंवा निवाऱ्यात जावे लागते. प्रवाशाची अडचण अशी, की निवेदक काउंट्यांची नावे घेत असतो आणि आपण नेमके कोणत्या काउंटीत उभे आहोत, हेच आपल्याला ठाऊक नसते. बाबांनी हे पहिल्याच संध्याकाळी हेरले. त्यानंतर प्रत्येक मुक्कामी गाडी लागली, की ते कार्यालयातून काउंटीचे नाव कागदावर उतरवून आणायला सांगत आणि तो कागद टीव्हीच्या कडेला खोचून ठेवत. परदेशी वाहिन्यांतील कोणताही सिनेमा त्यांना त्या नकाशाइतका आवडला नाही, कारण बाहेर काचेतून दिसणारे शेत मक्याचे आणि सोयाबीनचे होते, आणि त्यावर येणारा ढगही त्याच नकाशात सरकत होता.

काकूंना अपेक्षित असलेला केबलवाला तिथे खरोखर आहे, फक्त तो घरी येत नाही. पैसे देऊन राहण्याच्या काही आरव्ही पार्कमध्ये विजेच्या खांबाजवळच केबलचे तोंड असते, आणि गाडीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या जोडाला आपली वायर लावली की काम होते. बूस्टरचे बटण मात्र बंद करावे लागते. ते चालू राहिले तर टीव्हीला केबलऐवजी अँटिनाच जोडलेला राहतो. नवीन पार्कांत केबल देण्याची पद्धत कमी होत चालली आहे, तेव्हा यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

छत्रीविषयी, म्हणजे डिशविषयी, मात्र गावात सर्वांना मत आहे, कारण घरोघरी स्लॅबवर ती आहे. डीडी फ्री डिश २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि तिला मासिक वर्गणी नसल्यामुळे ती खेड्यांत झपाट्याने पसरली. तिचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यामुळे आपल्या भागातील छत्री आग्नेयेकडे आणि क्षितिजापासून सुमारे साठ अंश वर बघते. इतक्या उंचावर पाहणाऱ्या छत्रीला अंगणातील कडुनिंब सहसा आडवा येत नाही. अमेरिका उत्तरेला असल्याने तिथे विषुववृत्तावरचे उपग्रह आकाशात खाली दिसतात. मोंटाना राज्याच्या उत्तर टोकाला उभे राहिले, तर छत्रीला जेमतेम तीस-पस्तीस अंशांवर बघावे लागते, आणि नेमक्या त्याच भागात पाइनची उंच झाडे दाट असतात. दुपारी गाडी लावायला सावलीची जागा धरावी, तर रात्री त्याच झाडाने उपग्रह झाकलेला असतो, हा तिथल्या छत्रीवाल्यांचा नेहमीचा पेच आहे.

तेथे या सेवेच्या दोन मोठ्या कंपन्या आहेत, डायरेक्टटीव्ही आणि डिश नेटवर्क. आपल्याकडील डिश टीव्हीशी नाव जुळत असले, तरी ही कंपनी वेगळी आहे. छत्री छतावर कायमची बसवता येते, किंवा घुमटाच्या आकाराची लहान छत्री लांब वायरीने जोडून झाडापासून दूर मोकळ्या जागी ठेवता येते. ती स्वतःच फिरून उपग्रह शोधते. या लहान घुमटांत डायरेक्टटीव्हीचे एचडी चॅनल येत नाहीत, कारण ते निराळ्या लहरींवर आणि निराळ्या उपग्रहांवर आहेत, तर डिशचे येतात. म्हणून आरव्हीवाल्यांत डिशचे चाहते जास्त आढळतात. दुसरी मेख स्थानिक चॅनलांची आहे. उपग्रह प्रत्येक शहराची केंद्रे त्या-त्या भागापुरत्या अरुंद झोतातून पाठवतो. घरापासून काहीशे किलोमीटर गेले, की झोत सुटतो आणि कंपनीला नवा पत्ता कळवल्याखेरीज ती केंद्रे परत दिसत नाहीत. म्हणजे ज्या रात्री हवामानाचा इशारा हवा, नेमके त्याच रात्री छत्रीवर भलत्याच शहराचे हवामान, किंवा तेही नाही. वरून जोरदार पाऊस आला की चित्र जाते, हे तर आपल्यालाही नवे नाही. छत्रीचा एक गुण मात्र कबूल केला पाहिजे: मोबाइलचा एकही दांडा नसलेल्या माळरानावर ती चालते, आणि तिच्यावर आरएफडी टीव्ही नावाचे शेतकऱ्यांसाठीचे चॅनल येते, ज्यावर धान्याचे भाव, ट्रॅक्टर आणि जनावरांचे लिलाव दिसतात. २०१५ साली आपल्याकडे डीडी किसान सुरू झाले, त्याच जातकुळीचे ते आहे.

आता बहुतेक लोक इंटरनेटकडे वळले आहेत आणि मराठी माणसाला तर दुसरा मार्गच नाही, कारण आईची मालिका अमेरिकेच्या अँटिनावर येणार नाही. ती झी५ वर पाहता येते, आणि क्रिकेट बहुतांशी विलो या वाहिनीवर असते. वेळेचा हिशेब इथे आपल्या बाजूने लागतो. उन्हाळ्यात कोलोरॅडो आणि भारत यांच्या घड्याळांत साडेअकरा तासांचा फरक असतो, त्यामुळे गावी संध्याकाळी साडेसातला लागणारा आयपीएलचा सामना तिथे सकाळी आठला, चहा आणि पोह्यांच्या वेळी सुरू होतो. दिवसभराचा प्रवास त्यानंतर करता येतो. (बाबांच्या मते तो त्यानंतरच करायचा असतो.)

इंटरनेट आणायचे कोठून, हा पुढचा प्रश्न. कॅम्पग्राउंडचे वायफाय सकाळी बरे असते. रात्री जेवणे आटोपून सगळे एकदमच बघायला बसले, की त्याचा जीव जातो. मोबाइलचे हॉटस्पॉट शहरालगत उत्तम चालते, परंतु चांगल्या चित्राला तासाला सुमारे तीन जीबी आणि साध्या चित्राला सुमारे एक जीबी लागतो, हे ध्यानात ठेवून चित्राचा दर्जा मुद्दाम खाली ठेवावा. २०२२ पासून उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकने आरव्हीसाठी वेगळी सेवा दिली आणि परिस्थिती बरीच पालटली. तिचे उपग्रह नेहमीच्या टीव्ही उपग्रहांसारखे छत्तीस हजार किलोमीटरवर एका जागी नसून सुमारे साडेपाचशे किलोमीटरवरून सतत सरकत असतात, म्हणून तिच्या पाटीला, म्हणजे चपट्या अँटिनाला, आकाशाचा मोठा मोकळा तुकडा लागतो. मध्ये झाड आले तर जोडणी काही सेकंद तुटते. मालिका आधीच थोडी उतरवून घेतलेली असल्याने ती अडत नाही, पण गावी व्हिडिओ कॉल चालू असेल तर बोलणे तुटते.

वीज हा विषय विदर्भातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. लाइन गेली की काय होते, ते सर्वांना माहीत आहे. हुकअप, म्हणजे गाडीला बाहेरून विजेची जोडणी, असलेल्या जागी काळजी नसते. रानात राहायचे तर सगळे बॅटरीवर असते, आणि शंभर अँपिअर-अवरच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतील निम्मीच वीज वापरणे तिच्या प्रकृतीला मानवते. बत्तीस इंची एलईडी टीव्ही साधारण पन्नास वॅट खातो, दोन तासांना ते फारसे नाही. स्टारलिंकची नेहमीची पाटी मात्र ७५ ते १०० वॅट ओढते, लहान 'मिनी' २५ ते ४० वॅटमध्ये भागवते. डोंगरात रात्री हीटरचा पंखाही त्याच बॅटरीवर चालतो, आणि यलोस्टोनसारख्या राष्ट्रीय उद्यानांत रात्री जनरेटर लावू देत नाहीत. म्हणून थंडीच्या रात्री आमच्याकडे टीव्ही आधी बंद होतो.

माझे मत विचाराल, तर महिनोन्महिने मोकळ्या वाळवंटी भागात राहणाऱ्या निवृत्त जोडप्याला छत्री परवडते. सुट्टीपुरते फिरणाऱ्या कुटुंबाने अँटिना आणि इंटरनेट या जोडीवर थांबावे. गावाकडून लेकाकडे किंवा लेकीकडे येणाऱ्या मंडळींना एवढेच सांगते, की भाड्याने घेतलेल्या आरव्हीत टीव्ही असेलच असे गृहीत धरू नका, आणि भारतात भरलेली ॲपची वर्गणी अमेरिकेत चालेलच असेही नाही, कारण दाखवण्याचे हक्क देशागणिक वेगळे असतात. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वायफायवर आठवड्याचे भाग टॅबलेटमध्ये उतरवून घ्यावेत, आणि विमानतळावरून येतानाच लेकाला टॅबलेट टीव्हीला जोडण्यासाठी एचडीएमआयची एक वायर घेऊन ठेवायला सांगावी.