पलटणीचे वाचन

सोलापुरातील आमच्या माजी सैनिक मंडळाचा वार्षिक मेळावा १६ डिसेंबरच्या आगेमागे येणाऱ्या रविवारी भरतो. ही तारीख सहजासहजी ठरलेली नाही. मंडळात मराठा लाइट इन्फन्ट्रीची मंडळी संख्येने अधिक आणि त्यांचा आग्रह ४ फेब्रुवारीचा, कारण तानाजी मालुसऱ्यांनी १६७० साली कोंढाणा घेतला त्याची आठवण म्हणून त्यांची रेजिमेंट तो दिवस पाळते. महार रेजिमेंटच्या मंडळींना १ ऑक्टोबर हा आपला स्थापना दिवस हवा होता. शेवटी खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त झालेल्या एका सुभेदार साहेबांनी तोड काढली. १९७१ साली ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची शरणागती झाली तो विजय दिवस कोणा एका पलटणीचा नाही, तेव्हा तोच धरावा, असे ते म्हणाले आणि वाद मिटला. निदान तारखेपुरता तरी मिटला.

मी स्वतः सैनिक नाही. वडील जंगी पलटणीत हवालदार होते आणि मी शाळेत इतिहास शिकवीत असे, एवढ्या भांडवलावर मंडळाने माझ्याकडे मेळाव्यातील एक काम सोपविले. झेंडावंदन, दोन मिनिटांचे मौन आणि वीरपत्नींचा सत्कार झाला की त्या वर्षी ठरलेल्या एका पलटणीचा इतिहास सर्वांसमोर वाचावयाचा, असे ते काम आहे. त्याला मंडळात नुसते ‘वाचन’ म्हणतात. प्रमुख पाहुण्यांचे भाषण, पेन्शनच्या थकबाकीविषयीचे ठराव आणि गुणवंत पाल्यांची बक्षिसे ही सगळीकडे असतात तशीच असतात. मंडळी अंगावर शाल घेऊन खुर्च्या पुढे सरकवतात ती वाचनासाठी. त्याचा नियम एकच आहे. ज्या पलटणीचा इतिहास चालू आहे त्या पलटणीतील कोणीही, मग तो शिपाई असो की सुभेदार मेजर, हात वर करून वाचणाऱ्याला थांबवू शकतो आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय पुढचे वाक्य वाचता येत नाही.

पलटणींच्या इतिहासात पहिली अडचण येते ती आकड्यांची. जंगी पलटण उभी राहिली १७६८ साली, मुंबईच्या शिपायांची दुसरी पलटण म्हणून. पुढे ती तिसरी बॉम्बे झाली, १९०३ च्या फेररचनेत मुंबईकडच्या पलटणींच्या क्रमांकात शंभर मिळवले गेले तेव्हा ती १०३ झाली, १९२२ मध्ये पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली बटालियन झाली, आणि आज ती पहिली मराठा आहे. घरोघरच्या ट्रंकांमधून निघणाऱ्या कागदांवर यांपैकी कोणताही आकडा असू शकतो. एका वर्षी पंढरपूरकडच्या एका मुलाने आपल्या पणजोबांचे सेवापुस्तक आणले होते. त्यावर ३/५ असे लिहिले होते, आणि त्याने ध्वनिक्षेपकावरून मोठ्या आत्मविश्वासाने ‘तीन छेद पाच मराठा’ असे वाचले. सभागृहातील हशा ओसरल्यावर पुढच्या रांगेतील एक वृद्ध नायक उठून त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, “बाळा, ती पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण. तुझे पणजोबा यशवंत घाडग्यांच्या पलटणीत होते.” माणगावकडच्या नायक यशवंत घाडगे यांना इटलीत १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे त्या मुलाला माहीत होते, ती पलटण आणि ट्रंकेतील पुस्तकावरची पलटण एकच, हे त्याच्या घरात कोणालाच माहीत नव्हते.

माझ्या मते आजवरचे सर्वांत चांगले वाचन याच तिसऱ्या पलटणीचे झाले. पहिल्या महायुद्धात तिचा क्रमांक ११० होता. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जनरल टाऊनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ती कूट अल् अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली, आणि तिच्यासोबत त्याच गावात १०३ म्हणजे जंगी पलटण आणि ११७ या मराठ्यांच्या आणखी दोन पलटणी अडकल्या. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला वेढा १४७ दिवस चालला. शिधा संपत आला, घोडे कापले जाऊ लागले, पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खाण्यास बरेच दिवस नकार दिला, आणि अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीमुळे शरणागती पत्करावी लागली. कैद झालेल्यांपैकी अनेकजण वाळवंटातील वाटचालीत आणि पुढच्या छावण्यांत मेले. पलटणी पुन्हा नव्याने उभ्या कराव्या लागल्या. हा भाग वाचताना कोणीही हात वर केला नाही.

पुढे ११० ची ३/५ झाली, १९४१ मध्ये आफ्रिकेत केरेनच्या डोंगरांत लढली, आणि १९४८ मध्ये छत्रीधारी, म्हणजे पॅराशूटने उतरणारी, पलटण म्हणून काश्मीरच्या लढाईत झांगर परत घेणाऱ्या ५० पॅरा ब्रिगेडमध्ये होती. १९५२ साली पॅराशूट रेजिमेंट निघाली तेव्हा हीच पलटण २ पॅरा झाली आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यादीतून तिचे नाव गेले. येथे पहिला हात वर झाला. २ पॅरामधील एका हवालदारांनी सांगितले की, “यादीतून गेलो, साहेब, घरातून नाही.” मग ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारचे वर्णन आले. त्या दिवशी २ पॅरा टांगाईलजवळ विमानांतून उतरली ती जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या शत्रूची पुंगलीच्या पुलावर वाट अडविण्यासाठी. छत्रीधारी सैनिक जमिनीला कसा टेकतो ते दाखविण्यासाठी हवालदार सतरंजीवर उभे राहिले, त्यांनी दोन्ही पाय घट्ट जुळविले, गुडघे किंचित वाकविले, हनुवटी छातीला लावली, आणि सत्तरी उलटलेली असूनही ते एका कुशीवर असे सफाईने लोळले की, त्यांच्या पत्नीने मागच्या रांगेतून ओरडून त्यांना बसायला सांगितले.

त्यांना उठविण्यासाठी हात देणारे माझे वडील होते, आणि ते योग्यच होते. जमालपूर घेणाऱ्यांत जंगी पलटण होती, आणि १२ डिसेंबरला पुंगलीच्या पुलावर २ पॅराला येऊन मिळाली तीही जंगी पलटणच. कूटमध्ये एकत्र उपाशी राहिलेल्या त्या दोन पलटणी पंचावन्न वर्षांनंतर, एक जमिनीवरून आणि एक आकाशातून येऊन, एका बंगाली नदीवरील पुलावर भेटल्या होत्या. हा योगायोग सरकारी इतिहासग्रंथांतून शोधून काढता येतो, परंतु दोन वेगळ्या प्रकरणांतील आकडे जुळवीत बसावे लागते. आमच्या सभागृहात तो दोन खुर्च्यांच्या अंतरावर बसला होता.

महार रेजिमेंटच्या वाचनाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिच्या इतिहासात खंड आहेत आणि ते खंड वाचणे हेच त्या मंडळींना महत्त्वाचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली, १९१७ मध्ये गरज पडताच १११ महार उभी केली गेली आणि महायुद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली गेली, पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये बेळगावला आजची रेजिमेंट सुरू झाली. आपल्या भाषणांत शौर्याचीच वर्णने असतात, भरती बंद केल्याचे वर्ष कोणी सांगत नाही, अशी तक्रार मंगळवेढ्याच्या एका सुभेदारांनी केली होती आणि ती रास्त होती. त्यानंतर मेजर रामस्वामी परमेश्वरन यांच्या १९८७ च्या श्रीलंकेतील परमवीरचक्राइतकाच वेळ त्या मधल्या रिकाम्या वर्षांनाही दिला जातो.

असाच प्रश्न सोलापूरच्या संदर्भात एकदा एका कॉलेजच्या विद्यार्थिनीने विचारला. मेळाव्याच्या सकाळी मंडळ चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालते. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ पुकारणारे आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी देणारे सरकार, आणि कूटमधील पलटणी ज्यांच्यासाठी लढल्या ते सरकार एकच नव्हते काय, असे तिने विचारले. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. सॅपर्सचे सुभेदार उत्तरले की, होय, एकच होते, आणि म्हणूनच हार आधी घालतो व वाचन नंतर करतो. मला ते उत्तर पुरेसे वाटले नाही, पण त्याहून चांगले मलाही सुचलेले नाही.

वाचनानंतर बडाखाना, म्हणजे सर्वांचे एकत्र जेवण. मटणाचा रस्सा, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. शाकाहारी मंडळींसाठी वांग्याची भाजी. वाढणारे नेहमी अधिकारी आणि जेसीओ, म्हणजे सुभेदार वगैरे, असतात, शिपाई आधी जेवतात. खरे वादही तेथेच होतात. सॅपर्सचे सुभेदार हातात भाकरी घेऊन दरवर्षी नव्या श्रोत्याला सांगतात की, एप्रिल १९४८ मध्ये कारवारकडचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे रणगाड्याखालून सरपटत, दोरी ओढून चालकाला इशारे देत सुरुंगांतून वाट काढीत राजौरीकडे गेले नसते, तर तुमच्या पलटणी अजून नौशेऱ्यातच बसल्या असत्या. त्यावर काळी पाचवी, म्हणजे दुसऱ्या मराठ्याचे लोक १९६५ ची पंजाब सीमेवरील हुसैनीवाल्याची लढाई काढतात, आणि मग ताटे वाळेपर्यंत कोणी उठत नाही.

येत्या डिसेंबरसाठी ११४ मराठ्यांची ऑक्टोबर १९१८ मधील मेसोपोटेमियातील शर्कतची लढाई ठरली आहे. महारांचे म्हणणे की, पहिले महायुद्धच घ्यायचे तर या वर्षी १११ घ्यावी; बैठकीत बरेच बोलणे होऊन त्यांना पुढचे वर्ष देण्यात आले. त्यांनी ते मान्य केले, मात्र मजकूर दिवाळीपूर्वी मंगळवेढ्याला पाठवावा, सुभेदार तो आधी वाचून पाहतील, अशी अट इतिवृत्तात लिहून घेतली आहे.