तुम्ही विचारलंत म्हणून: आवडतं गाणं कोणतं, लेव्हल कितवी?

डान्स मशीनवर नियमित खेळणाऱ्याला हे दोन प्रश्न हमखास येतात. दोन्हींचं उत्तर एकत्रच द्यावं लागतं, कारण गाणं बाजूला काढलं की लेव्हलच्या, म्हणजे गाणं किती अवघड हे सांगणाऱ्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. हे सगळं डान्स डान्स रिव्होल्यूशनबद्दल, म्हणजे कोनामीने १९९८ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये आणलेल्या चार बाणांच्या मशीनबद्दल आहे: पडद्यावर बाण ठेक्यावर आला की पायाखालचा तोच बाण दाबायचा.

आधी आकड्याचा घोळ. जुन्या मशीनवर लेव्हल पावलांच्या चित्रांनी दाखवत, जास्तीत जास्त दहा पावलं. २००८ च्या 'एक्स' आवृत्तीपासून पट्टी १ ते २० झाली. त्यामुळे कुणी 'मी दहा खेळतो' म्हणालं, तर कोणत्या पट्टीवरचं दहा हे आधी विचारा. २००१ चं 'मॅक्स ३००' हे दहा पावलं मिळालेलं पहिलं गाणं; नव्या पट्टीवर त्याच्या एक्सपर्टपुढे, म्हणजे अवघड प्रकारापुढे, १५ असतं.

माझं सगळ्यात आवडतं गाणं मात्र 'बटरफ्लाय'. वेग १३५ बीपीएम (मिनिटाला ठेके), ठेका स्वच्छ, साध्या ठेक्यावर सेकंदाला सव्वादोन पावलं. इथेच एक सवय लावून घ्यायची: डावा, उजवा, डावा, उजवा. नवखे दर बाणानंतर पाय मधल्या चौकोनात परत आणतात. मधला चौकोन मशीन वाचतच नाही, त्यामुळे प्रत्येक बाणाला दुप्पट हालचाल होते आणि दुगण (एका ठेक्यात दोन पावलं) आली की पाय मागे पडतात. पाय बाणावरच राहू द्या. कथ्थक शिकलेल्यांना वेगळीच अडचण येते: तत्कारात, म्हणजे पायांच्या मूळ बोलांत, चौथ्या आणि पाचव्या मात्रेला एकच पाय पडतो, इथे तसं सहसा करायचं नसतं.

मग आडवा पाय. डावा, खालचा, उजवा असे बाण ओळीने आले, तर डाव्या बाणावर डावा पाय, खालच्यावर उजवा, आणि उजव्या बाणावर पुन्हा डावाच, उजव्या पायाच्या पुढून. फक्त पाय ओढला तर गुडघा पिळतो आणि तोल जातो. कमरेपासून अंग उजवीकडे वळवा, नजर पडद्यावर ठेवा. पाय आपोआप जागेवर पडतो. खालच्याऐवजी वरचा बाण असेल तर डावा पाय मागून जातो आणि अंग डावीकडे वळतं. हे जास्त अवघड, म्हणून आधी पुढून जाणारा पाय पक्का करा.

'पॅरानोइया' हे गाणं १८० बीपीएमचं. दुगणीत सेकंदाला सहा पावलं होतात. 'मॅक्स ३००' मध्ये ठेक्यावरची पावलं सेकंदाला पाचच. हिशेबाने हे सोपं वाटतं, पण 'पॅरानोइया'त दुगण तुकड्यातुकड्याने येते, तर 'मॅक्स ३००' दुगणीच्या लांबच लांब ओळी सोडतं. मध्ये बाण क्षणभर थांबतात, तेवढ्यात श्वास घ्यायचा. दमतो तो जोरात आपटणारा. पॅनेलला, म्हणजे पायाखालच्या बाणाच्या चौकोनाला, चवड्याचा हलका दाब पुरतो, टाच उचललेली बरी. सेन्सर पॅनेलच्या कडांखाली असतात, म्हणून मधल्या चौकोनाकडची कड दाबा. पावलं छोटी होतात.

बाण वाचता येत नाहीत अशी तक्रार करणारे बहुधा बाणांचा वेग कमी ठेवतात. मग बाण एकमेकांना चिकटून येतात आणि कोणता आधी हे कळत नाही. गाण्याचा बीपीएम गुणिले निवडलेला वेग साधारण ४०० ते ४५० यावा: 'बटरफ्लाय'ला ३ पट म्हणजे ४०५, 'पॅरानोइया'ला सव्वादोन पट म्हणजेही ४०५, 'मॅक्स ३००'ला दीड पट म्हणजे ४५०. बाणांचे रंग 'नोट' या पर्यायावर ठेवा. लाल म्हणजे ठेक्यावर, निळा दुगणीचा, पिवळा चौगणीचा. लय डोळ्यांना दिसू लागते.

आकड्याइतकाच रडार आलेख, म्हणजे गाणं कशामुळे अवघड आहे हे दाखवणारी आकृती, बघा. एकाच लेव्हलच्या दोन गाण्यांत एकाचं 'स्ट्रीम' (पावलांची दाटी) मोठं असेल तर तिथे दम लागतो. दुसऱ्याचं 'केऑस' (तालाची गुंतागुंत) मोठं असेल तर ताल ओळखणं अवघड जातं. दोन्हींचा सराव वेगळा.

एका खेळात तीन गाणी मिळत असतील तर पहिलं दोन लेव्हल खालचं घ्या, दुसरं रोजचं, आणि नवी लेव्हल तिसऱ्याला. बऱ्याच मशीनवर गाणं मध्येच हरलं की खेळ तिथेच संपतो. शेवटचं हरलं तर आधीची दोन पुरती खेळून झालेली असतात.