तिसऱ्या फेजचा बॅलन्स आणि माझा एक वाया गेलेला रविवार

लेथला थ्री फेज मोटर आणि लाइन सिंगल फेज, त्यामुळे जादाची एक थ्री फेज मोटर (तिला आयडलर म्हणतात) नुसती फिरवत ठेवून तिच्यातून तिसरा फेज काढायचा, म्हणजे रोटरी कन्व्हर्टर. ही आयडलर २३० व्होल्टला डेल्टात (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडून) चालणारी होती, स्टार्ट कपॅसिटर (फक्त सुरू करताना धक्का देणारा) लावून फिरली पण लगेच, मला वाटलं झालं काम. मग लेथ लोडवर घेऊन मीटर लावला (एल१, एल२ म्हणजे लाइनच्या दोन वायर, एल३ म्हणजे आयडलरमधून काढलेला तिसरा फेज) तर एल१-एल२ मध्ये २३०, एल१-एल३ मध्ये २१५ आणि एल२-एल३ मध्ये २०६. सरासरी २१७, त्यापासून सगळ्यात लांबचं रीडिंग १३ ने, म्हणजे ६ टक्के अनबॅलन्स. ऐकायला कमी वाटतं, पण व्होल्टेजमधला १ टक्का फरक करंटमध्ये ६ ते १० पट होऊन दिसतो आणि वाइंडिंग तापतं ते त्या करंटनेच.

यावर उपाय म्हणजे एल३ पासून दोन्ही लाइनला रन कपॅसिटर, म्हणजे मोटर चालू असताना सतत जोडलेले राहणारे. इथे मी शहाणपणा केला. दोन्हीकडे सारखेच लावले आणि लेथ बंद ठेवून तिन्ही रीडिंग जुळवत बसलो, रविवार गेला त्यात. नो लोडला एकदम सुंदर आकडे आले हो! लेथवर जाड कट घेतला की एल३ परत खाली. साहजिकच आहे, तो फेज आयडलर मोटरच्या वाइंडिंगमधून येतो, लोड वाढला की दबणारच. आता लेथ चालू ठेवूनच जुळवतो, नो लोडला एल३ थोडा वर गेला तर जाऊ दे.

दुसरं म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नसतातच. माझ्याकडे स्टार्ट कपॅसिटर ज्या लाइनवर आहे त्या बाजूला जास्त लागले, दुसरीकडे कमी. आयडलर उलटी फिरवली तर हे पण उलटतं, म्हणून दिशा आधी ठरवा आणि मगच जुळवायला बसा नाहीतर पहिल्यापासून सगळं परत. एका वेळी ५ किंवा १० मायक्रोफॅरडच वाढवायचे, पॅरलल जोडले की बेरीज होते. ५० हर्ट्झ, २३० व्होल्टला ४० मायक्रोफॅरड साधारण २.९ अँपिअर घेतो, क्लॅम्प मीटरवर तेवढा दिसला नाही तर कपॅसिटर मेलाय समजा, मला एक जुना असाच सापडला.

रन कपॅसिटर ४४० व्होल्ट एसीचेच घ्या. स्टार्टवाला सतत लाइनवर राहिला तर तापून फुटतो, तो मोटर वेगात आली की सुटलाच पाहिजे. प्रत्येक रन कपॅसिटरवर ४७ किलोओहम ३ वॉटचा रेझिस्टर दोन्ही टोकांमध्ये जोडलाय, म्हणजे बंद केल्यावर थोड्या वेळात चार्ज उतरतो. तरी हात घालायच्या आधी मेन काढून मीटरने बघतोच, एकदा झटका खाल्लाय. आणि कॉन्टॅक्टरची (कॉइलने ओढला जाणारा मोठा स्विच) कॉइल एल१-एल२ वरच घ्या, एल३ वर घेतली तर लोडला व्होल्टेज पडला की ती खडखडते.

शेवटी लोडवर २२९, २२६, २२३ आले, म्हणजे १.३ टक्के. त्याच्या खाली आणायचा अजून एक प्रयत्न केला, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते, सोडून दिलं. १० चा एक कपॅसिटर उरलाय तो बॉक्समध्येच वायर न जोडता बसवून ठेवलाय, पुढे मोठं मशीन जोडलं तर लागेल.